शिवायचं न्हाई

"बाईंना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही ना? मग बोला मोकळेपणाने," साहेब शेजारी बसलेल्या डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाले.

मी ते वाक्य शालनआक्कांच्या तळहातावर बोटाने लिहिलं. शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत आक्का म्हणाल्या, "बोला की साहेब. मोकळेपणानंच बोला. आमी तेवढ्यासाठीच आलोय."

साहेबांनी आधी आक्कांकडे आणि मग माझ्या बोटाकडे पाहिलं. सांगलीतल्या त्या कचेरीत तोवर माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. आक्कांच्या डाव्या अंगाला मान खाली घालून बसलेली मुलगी म्हणजे त्यांची भाची असेल, असं लोक धरून चालायचे. मला ते सोयीचं होतं. डॉक्टर ओशाळून हसले. मी आक्कांच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. कुणी हसलं की आमची ती खूण होती.

"हसा. हसून झालं की कामाचं बघू," आक्का म्हणाल्या.

काम एका ओळीचं होतं. बहिऱ्या, आंधळ्या, गतिमंद मुलींची पाळी सांभाळायला नको म्हणून त्यांची गर्भपिशवी काढून टाकतात, ते जिल्ह्यात थांबवा. पोरीला तिला कळेल अशा रीतीने सांगितल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरने हात लावायचा नाही, एवढं लेखी काढा.

"आई संमती देते," डॉक्टर म्हणाले. "आईपेक्षा जास्त कुणाला कळतं?"

मी लिहिलं. आक्कांचा दुसरा तळवा टेबलावर पसरलेला होता. कुठल्याही खोलीत गेल्या की त्या पहिल्यांदा टेबलावर हात ठेवायच्या. कोण पेन आपटतंय, कोण खुर्ची सरकवतंय, ते त्यांना तिथून कळायचं.

"आईला इचारा की. आईलाबी इचारलंच पायजे," त्या म्हणाल्या. "पर पिशवी आईची न्हाई."

साहेब म्हणाले, कायदा आहेच, आम्ही पत्र काढू. आक्का म्हणाल्या, "कायदा हाय म्हणूनच आले. नसता तर घरी बसून शेंगा फोडल्या असत्या."

बाहेर जिन्यावर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "शिपाई काय म्हणत हुता निघताना? तुझं बोट थांबलं तितं." शिपाई म्हणाला होता, हिला काय कळतंय, कुणीतरी पढवून आणलंय. मी लिहिलं. आक्कांनी मान हलवली आणि पायरी शोधायला पाय पुढे टाकला. अपमान त्या असा ऐकायच्या, टपालासारखा. आपल्या नावावर आला आहे ना, मग आपल्याला मिळाला पाहिजे.

आक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीचे काही महिने मी बसमध्ये बसले की माझं बोट माझ्याच गुडघ्यावर चालायचं. समोरची बाई काय म्हणाली, कंडक्टर कुणावर खेकसला, सगळं लिहायचं. आता थांबलं आहे.

त्यांच्याकडे मी कामाला लागले ती माझ्या आईमुळे. कॉलेज संपलं होतं आणि मुलाखतीत माझा आवाज फुटत नव्हता. आईला कुणीतरी सांगितलं की विश्रामबागेत एक बाई राहतात, त्यांना हातावर लिहून सांगायला माणूस हवं आहे. आई म्हणाली, "बोलायचं नाहीये, नुसतं लिहायचंय. तुला जमेल." मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा, त्यामुळे मराठी माझ्यासाठी घरची, रागवायची आणि आजारपणाची भाषा होती. पहिल्या दिवशी मी आक्कांच्या हातावर माझं नाव नीट, शिरोरेघ ओढून लिहिलं. त्यांनी हात झटकला.

"वरची रेघ नगं ओढू. गुदगुल्या हुतात अन् येळ जातो."

मग माझी बोटं चाचपून म्हणाल्या, "लय गार हायत गं. मढ्याला हात लावल्यागत." त्या दिवसापासून मी गारठी झाले. "ए गारठे, चल." माझं खरं नाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शब्द सगळे जायला हवेत, हा त्यांचा नियम होता. कोण आलं, कोण उठलं, कोण कुणाकडे बघून डोळा मारतंय, सगळं. मी थांबले की त्या "हं, पुढं" म्हणायच्या. नवीन माणूस हळवा व्हायला लागला की त्या सांगायच्या, "दया चपलीवानी दारात काढायची. आत आणायची न्हाई." स्वतःही फार दया करायच्या नाहीत. आमच्याकडे अपंग लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. त्यातला एक पांगळा, पेन्शन मागायला आलेला, बायकोला मारत असे. आक्कांनी त्याचा अर्ज लिहून दिला आणि वर सांगितलं, "तुझं पेन्शन मिळंल. पर तुजी बायकू माझ्याकडं आली तर तिचाबी अर्ज मीच लिहिणार हाय, ध्यानात ठेव."

आवाजाचा त्यांना अंदाज नव्हता. तिसरीत असताना तापात त्यांचे कान गेले, आणि बोलणं त्या वयाच्या गावच्या बोलीत तसंच राहिलं. पुढे शिकल्या, ब्रेल वाचायच्या, कायद्याची पुस्तकं बोटांखालून गेली, तरी 'हाय'चं 'आहे' झालं नाही. डोळे सावकाश गेले. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं, मग समोरचं. कुजबुजायचं आहे असं त्यांना वाटलं तरी ते मंडईभर ऐकू जायचं. एका निवडणुकीत त्या साताऱ्याकडच्या आपल्या गावी मत द्यायला गेल्या. फौजेतून सुट्टीवर आलेला भाऊ बरोबर होता. केंद्रावरचा माणूस त्याला म्हणाला, तुम्हीच दाबून टाका बटण. भावाने बोट पुढे केलं तर आक्कांनी त्याचं मनगट धरलं. "हात काढ. माझं मत लष्करात भरती झाल्यालं न्हाई." मग यंत्रावर बोट फिरवत त्यांनी आपल्या मते अगदी हळूच विचारलं, "ह्यो तिसराच न्हवं?" शाळेच्या अंगणातली सगळी रांग हसली. गुप्त मतदान काही त्यांच्या नशिबात नव्हतं.

साताऱ्यातल्याच एका सत्काराला मी बरोबर होते. वक्ते आक्कांबद्दल बराच वेळ बोलत होते आणि मी लिहीत होते. दिव्यदृष्टी, ज्ञानचक्षू, अंधारातली पणती. आक्कांनी दोन-तीन वाक्यं सोसली. मग त्या भाषणाच्या मधेच उठून म्हणाल्या, "साहेब, पणती ऱ्हाऊ द्या. ह्या सभागृहाच्या संडासात धरायला कायबी न्हाई. मगाशी पडता पडता वाचले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांना जमिनीतून कळायच्या. बसताना म्हणाल्या, "टाळ्या वाजवल्या म्हंजे आता कठडा बसत न्हाई बघ." आम्ही पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा खरंच बसला नव्हता.

जतकडच्या एका गावातून तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईचा फोन आला तो दसऱ्याच्या आधी. "आक्कांना सांगा, हितं एका पोरीची पिशवी काढणार हायत. जन्मापासनं बहिरी अन् आंधळी. सोळा-सतरा वर्साची असंल. भाग्यश्री नाव हाय." मी लिहिलं. 'जन्मापासनं' हा शब्द आला तेव्हा आक्कांची बोटं किंचित वळली.

एस.टी.त कवठेमहांकाळ सोडल्यावर त्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मी मनगट दाबून आवाज खाली घ्यायची खूण केली. एका वाक्यापुरता तो खाली आला आणि पुन्हा वर गेला. सगळी बस ऐकत होती.

"आमच्याकडं कडंला बसायचं लय कडक हुतं. चार दिस कुणाला शिवायचं न्हाई. बाकीच्या बाया बसायच्या, त्यांना इसावा मिळायचा. लांबनं का हुईना, बोलायच्या, हसायच्या. मला लांबनं काय? लांब म्हंजे माझ्यासाठी न्हाईच. माझी आई मोडकंतोडकं लिहायची हातावर, दुसरी शिकल्याली. पर त्या चार दिसांत ती मला शिवंल कशी? ताटली काठीनं सरकवायची. पायाला ताटली लागली की समजायचं, जेवण आलं. म्हैन्याला चार दिस मी मेल्याली असायची."

पुढच्या बाकावरच्या एका बाईने मान वळवली. एक म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. माझे कान तापले होते. मी पुन्हा मनगट दाबलं.

"एकदा असंच बसले हुते. तर घरात माणसांची वर्दळ लागली. पायाला जमीन हादरल्याली कळती ना. लय माणसं, येत्याती, जात्याती. मला वाटलं, आण्णांनी दादाचं लगीन ठरवलं. खूश झाले. म्हटलं पाचव्या दिशी न्हाले की समदं इचारीन, नवरी कशी हाय, कुटली हाय. पाचव्या दिशी आईनं हातावर लिहिलं, आण्णा गेले."

मी त्यांचं मनगट सोडून दिलं.

"मातीबी झाल्याली. मी तीन दिस लगनाचा इचार करत बसल्याली."

पुढची बाई उठली, तिने येऊन आक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत जाऊन बसली. आक्का म्हणाल्या, "कोण गं?" मी लिहिलं, माहीत नाही, एक बाई. "हं," त्या म्हणाल्या, आणि जत येईपर्यंत झोपल्या.

भाग्यश्रीला घरी भागी म्हणत. भागीच्या घरापुढे टँकरच्या पाण्याची पिंपं होती, बाजूला मेंढरांचा वाडगा आणि त्याला लागून पत्र्याचं एक पडाळ. तिची आई महादेवी नुकतीच खुरपणीवरून आली होती. आजीला सगळे अव्वा म्हणत. ती दारात बसून होती आणि तिने आम्हाला या म्हटलं नाही. कारण विचारल्यावर मात्र तीच बोलली. घरच्या देवाचा सण होता, पोरगी त्या दिवसांत होती, आणि ती चाचपडत आत जाऊन देवाची समई दोन्ही हातांनी धरून बसली. पुढच्या पंधरवड्यात मेंढरं मेली.

"तिला काय दोष देऊ," अव्वा म्हणाली. "तिला हातच डोळं. हात बांधून ठिवू व्हय? मग ते येणंच बंद केल्यालं बरं न्हवं का?"

मी ते शब्दन् शब्द लिहिलं. आक्कांनी अव्वाच्या दिशेने तोंड केलं. "म्हातारे, तू म्हणतीस त्यातलं निम्मं खरं हाय. हिला हातच डोळं."

महादेवी तोवर चुलीशी होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "आवं आक्का, समईचं सोडा. ते अव्वाचं. माझं येगळंच हाय. मी रानात जाते. मालक टँकरवर, आठ-आठ दिस येत न्हाईत. ही पडाळात एकटी. उद्या कुणी हात घातला, अन् पोट आलं, तर? हिला तर सांगताबी यायचं न्हाई, कोण हुता. तुमी शिकल्यालं, तुमाला बोलाय येतं. मी मेल्यावर हिचं कोण बघंल?"

मी ते सगळं आक्कांच्या हातावर लिहिलं. मग त्यांनी महादेवीचा हात मागितला. तो धरूनच त्या बोलल्या.

"बाई, पिशवी काढल्यावर हात घालणारा थांबतोय व्हय? त्याला पोटाची भीती असती. ती तू काढून टाकणार. मग तो रोज यील."

महादेवीने हात काढून घेतला नाही. पण ती रडलीही नाही. तिने विचारलं, "मग मी काय करू?"

"माझ्यासाठी एवढी एक पाळी थांब," आक्का म्हणाल्या. "आली की फोन कर. मी यीन. चार दिस तिच्याजवळ बसीन. मग बघू."

फोन आला आणि आम्ही गेलो. भागीला पडाळात बसवलं होतं. आक्का आत शिरल्या, तिच्यापुढे मांडी घालून बसल्या आणि हात पुढे धरून थांबल्या. मुलीने आधी त्यांची बोटं चाचपली, मग दंड, मग तोंड. डोळ्यांवर तिचे हात बराच वेळ थांबले. आक्कांनी तिचे हात आपल्या कानांवर नेले आणि मान नाही म्हणून हलवली. तिला यातलं काय कळलं, मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर तिने आक्कांचा पदर सोडला नाही.

अव्वा लांबून मला म्हणाली, "पोरी, आता त्या दोघी बाहेरच्या झाल्या. तू शिवलीस तर तुलाबी आत येता यायचं न्हाई." मी पडाळात जाऊन त्यांच्याजवळ बसले. आक्कांना कळवलं, तर त्या खूश झाल्या. "बरं झालं. आता कुणी आपल्याला भाकरी थापाय लावणार न्हाई."

त्या चार दिवसांत मी फारसं काही केलं नाही. मी बघत होते. आक्का भागीचा हात धरून कापडाची घडी घालायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. ओलं कापड आणि कोरडं कापड. धुवायची बादली इथे, वाळत घालायची दोरी इथे. प्रत्येक वेळी त्या मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने एक बोट ओढायच्या. ती रक्ताची खूण. मग चार बोटं एकेक करून दाबायच्या आणि मूठ मिटायच्या, म्हणजे चार दिवस, मग संपलं. भाकरी हवी का, पाणी हवं का विचारताना तळवा उपडा-उलथा हलवायच्या. पहिल्या वेळी भागीने फक्त हात ओढून घेतला आणि ओरडली. तिचा आवाज मेंढरं बिथरावीत असा होता. मग आम्ही दर पाळीला जात राहिलो. दुसऱ्या पाळीला तिने घडी स्वतः घातली. पुढच्या खेपेला पाण्याच्या तांब्यावर आक्कांचा हात ठेवून तिने तळवा हलवला. आक्कांना पाणी हवं का, असं ती विचारत होती.

आक्का प्यायल्या. तहान नव्हती तरी प्यायल्या. मग मला म्हणाल्या, आणि त्यांच्या मते ती कुजबुज होती, "आयुष्यात पयल्यांदा तिनं कुणाला काय इचारलं असंल, न्हाई का गं."

पुढे महादेवी फोनवर सांगू लागली, भागी आता वाट बघते. अंगावर आलं की आपणच पडाळात जाऊन बसते, हात पुढे धरून. घरात एरवी तिच्या हाताला भाकरी आणि कपडे सोडून काही मिळत नव्हतं. कामाचं घर, कुणाला वेळ होता? आता ज्या दिवसांत कुणी शिवायचं नाही, त्याच दिवसांत तिच्याशी दिवसभर कुणीतरी बोलत होतं. महादेवी म्हणाली, "ऑपरेशनचं मी बोलत न्हाई आता. अव्वा बोलती, पर मी न्हाई."

संक्रांतीनंतर आक्कांचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं गेली होती. सांगलीच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. तिथे त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते, त्यामुळे मला हलता येईना. नर्स न सांगता सुई टोचायच्या आणि आक्का ओरडायच्या, "आदी हात लावा, मग टोचा. भिताडाला खिळा ठोकताय व्हय?" काही नर्स शिकल्या. एकीने तर हातावर आपलं नाव लिहिलं. महादेवीचा फोन आला की मी आक्कांना विचारून सांगायची, पुढच्या खेपेला येतो. असं दोनदा झालं.

नंतर महादेवीचा फोन आला तो दुपारी. "बाई, झालं. आवं, रागवू नका. रानातनं परत आले तर पडाळाच्या मागं एक बाप्या उभा. कोण म्हटलं तर पळाला. मला त्या दिसापास्नं झोप न्हाई. मालक म्हणले, ह्याच आठवड्यात नेऊ. डॉक्टरांनी माझा अंगठा घेतला."

मी आक्कांच्या पलंगाशी गेले आणि लिहिलं. शेवटपर्यंत लिहिलं. त्यांनी हात मिटला. मी त्यांच्याकडे होते तेवढ्या काळात त्यांनी माझ्यासमोर हात मिटलेला मी पाहिला नव्हता. त्यांचा हात मिटला, म्हणजे जग बंद झालं. बऱ्याच वेळाने तो उघडला आणि त्या म्हणाल्या, "कागद घे. तक्रार लिही."

तक्रार आम्ही दिली, त्याच कचेरीत, त्याच साहेबांकडे. उत्तर आलं तेव्हा आक्का नव्हत्या. आईची संमती होती, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही, असं उत्तर होतं.

दवाखान्यातून सोडल्यावर त्यांनी घरी जायच्या आधी जतला न्यायला सांगितलं. डॉक्टर नको म्हणाले, भाऊ नको म्हणाला. भावानेच मग गाडी केली. आक्कांचा चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता. मी त्यांना खिडकीबाहेरचं सांगत होते: उसाची बैलगाडी, मग द्राक्षबागा, मग कुसळं, मग काहीच नाही. "काहीच नाही म्हंजे जत आलं," त्या म्हणाल्या.

घरात सगळे होते. भागीचे वडील आम्हाला बघून उठले आणि मेंढरांकडे निघून गेले. महादेवीने चहा टाकला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. भागी आत फिरत होती. पोटावर हात धरून, जरा वाकून, पण सगळीकडे. चुलीजवळ, पाण्याच्या घागरीजवळ, देव्हाऱ्याजवळ. कुणी तिला अडवत नव्हतं.

"आता बरं झालं," अव्वा म्हणाली. "आता कुटंबी शिवू दे तिला. देवाला शिवू दे न्हाईतर चुलीला. कायबी आडत न्हाई."

मी लिहिलं. आक्का म्हणाल्या, "हं." 'पुढं' म्हणाल्या नाहीत.

आक्कांचा वास किंवा त्यांच्या पायांची जमिनीवरची चाल, कशामुळे ते मला माहीत नाही, पण भागीला त्या आल्याचं कळलं. ती भिंतीला हात लावत आली आणि त्यांच्या पुढ्यात बसली. तिने आक्कांचा उजवा हात घेतला आणि झग्यावरून आपल्या पोटावर ठेवला, जिथे टाके होते तिथे. आक्कांची बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच गेली. मग भागीने त्यांचा डावा हातही ओढून घेतला. माझ्या हातातून तो निसटला. तिने आक्कांच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक बोट ओढलं. चार बोटं एकेक करून दाबली. आणि तळवा हलवला.

भागीने पुन्हा तसंच केलं, जरा जोरात, समोरच्याला समजलं नसावं तसं. बोट, चार बोटं, तळवा. आक्कांचे ओठ हलले, पण त्यांचा तो मंडईभर जाणारा आवाज आला नाही. त्यांनी भागीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि मान खाली घातली. मी आक्कांना त्यानंतरही काही आठवडे पाहिलं, पण मला त्या आठवतात त्या अशाच बसलेल्या.

महादेवी चहाचे कप घेऊन उभी होती. "काय म्हंतीया वो ती?" तिने आक्कांना विचारलं. "मगाधरनं तेच करतीया. ऑपरेशनपास्नं रोज करतीया. मला कळंना. काय पायजे तिला?"

आक्कांना तो प्रश्न कळायला मार्ग नव्हता. त्यांचे दोन्ही हात भागीकडे होते आणि मला लिहायला जागाच नव्हती. महादेवीने माझ्याकडे पाहिलं. अव्वानेही पाहिलं. त्या घरात तोवर मी 'हो', 'नको' आणि 'पुरे' यापलीकडे बोलले नव्हते.

"ती विचारतेय," मी म्हणाले, "तिचे चार दिवस कधी येणार."